अधिवेशनाच्या स्वागत समितीस: जाताना आमचा आड उपसून द्या

प्रति,
स्वागताध्यक्ष व स्वागत समितीचे सर्व सदस्य,
राज्यव्यापी अधिवेशन, सोलापूर
(प्रत माहितीसाठी: महापालिका आयुक्त व पोलीस आयुक्त, सोलापूर)

सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीत आपले दोन कार्यकर्ते पत्रके वाटून गेले. येत्या एप्रिलमध्ये आपल्या पक्षाचे तीन दिवसांचे अधिवेशन होम मैदानावर भरणार, राज्यभरातून प्रतिनिधी येणार, असे त्यात छापले आहे. पोरे नम्र होती. मी त्यांना बसायला सांगितले, पाणी दिले. निघताना त्यातला एक म्हणाला, "मावशी, तीन दिवस जरा सांभाळून घ्या." तो फार तर बावीस वर्षांचा असेल. सांभाळून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्याला कोणी सांगितले नसणार. ते आपल्याला सांगावे म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी सिद्धेश्वर पेठेत राहते. बावीस वर्षे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकते. माझ्याकडे चौघी बायका कामाला येतात, तिघी पूर्व भागातून आणि एक विजापूर वेशीकडून. मी कोणत्याही पक्षाची नाही आणि कोणत्याही पक्षाच्या विरोधात नाही. अधिवेशन दुसऱ्या कुणाचे असते तरी हेच पत्र त्यांना गेले असते.

राजकारणाची गर्दी नको, असेही मला म्हणायचे नाही. या गावाने १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ सोसला आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिले, आणि त्यांच्या नावाच्या चौकातून आमची पोरे रोज शाळेत जातात. आपले नेतेही पहिल्या दिवशी तिथे हार घालतील. सभा, मोर्चे, घोषणा हे या गावाच्या अंगवळणी पडलेले आहे. गर्दी तर आम्हाला दरवर्षी हवीच असते. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, भरतो तेव्हा महिनाभर याच मैदानावर पाळणे फिरतात, भोंगे वाजतात, रात्री उशिरापर्यंत माणसांची वर्दळ असते. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज घेऊन अडुसष्ट लिंगांना जातात, त्या वाटेवर आम्ही पहाटे उठून रांगोळ्या घालतो. मैदानाला होम मैदान म्हणतात तेच मुळी तिथल्या होमामुळे. त्या गर्दीची कटकट होत नाही असे नाही. पण कुठला रस्ता कधी बंद, कुठून आत जायचे, पाण्याचा टँकर कुठे उभा राहतो, हे लहान मुलालाही पाठ असते, कारण ती यात्रा आमच्याबरोबर ठरलेली असते. अधिवेशन आम्हाला न विचारता ठरते, आणि पत्रक सगळे ठरून गेल्यावर हातात पडते.

दोन वर्षांपूर्वी याच भागात एक मोठी सभा झाली. पक्षाचे नाव लिहीत नाही, त्याने काही फरक पडणार नाही. सभा संध्याकाळी होती, पण बॅरिकेड आदल्या रात्रीच लागले. पहाटे माझ्या बायका निम्म्या वाटेवर अडकल्या. रिक्षा आत सोडत नव्हते आणि चालत यायलाही पास मागत होते. पास कुठे मिळतो हे बंदोबस्तावरच्या शिपायाला सांगता येईना. बिचारा बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला, त्याला होम मैदान आणि पार्क मैदान यातला फरक ठाऊक नव्हता. त्या दिवशी दादरच्या एका दुकानाची सहाशे भाकरींची मागणी होती. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने पार्सल जायचे होते. मी आणि माझी सून, दोघींनी मिळून दोनशे थापल्या. कडक भाकरी एकदा तव्यावर शेकून भागत नाही. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर पुन्हा वाळवून कडक करायची. दोन माणसांच्या हाताने ती वेळेत होत नाही. पार्सल गेले नाही, आणि त्या दुकानाने पुढे मागणी दुसरीकडे दिली.

माझे नुकसान मी सोसले. शेजारच्या काकांचे सांगते. त्यांचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते, मशीनची वेळ सकाळी सातची. त्या दिवशी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी येईना. मुलाने त्यांना दुचाकीवर मध्ये बसवले, मागे पुतण्या बसला, आणि तीन ठिकाणी फाइल दाखवत ते साडेआठला पोचले. तोवर मशीनवर दुसरा रुग्ण लागला होता. पुढची जागा दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. ती रात्र त्या घरात कशी गेली हे मी पाहिले आहे. अंगावर सूज, दम लागलेला, आणि बाहेर जनरेटरची घरघर. डायलिसिसची वेळ ऐनवेळी ठरत नाही, आठवड्याच्या आठवडे आधी ठरलेली असते. अशा किती रुग्णांना कोणत्या दिवशी, किती वाजता बाहेर पडायचे आहे, हे घरोघर विचारून एका कागदावर लिहायला दोन पोरांना एक संध्याकाळ पुरेल. पत्रके वाटायला आलेलीच पोरे ते करू शकतील.

आता पाणी. हा विषय एका परिच्छेदात संपणारा नाही.

सोलापूरला पाणी तीन वाटांनी येते: उजनीहून शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीतून, भीमेवरच्या औज बंधाऱ्यातून टाकळीमार्गे, आणि हिप्परग्याच्या तलावातून. कागदावर हे पुष्कळ दिसते. प्रत्यक्षात आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. पाळी चार दिवसांनी, कधी पाचव्या दिवशी. पाणी सुटले की घरातले एक माणूस कामावर जात नाही. हौद, बॅरल, घागरी, कळश्या, शेवटी पातेली आणि चहाची भांडीसुद्धा भरून ठेवायची. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली, म्हणजे मृतसाठ्यात, गेले होते, तेव्हा मी पीठ भिजवायचे पाणी मोजून घेत होते. आणि आपण एप्रिल निवडला आहे.

मागच्या सभेच्या आठवड्यात आमची पाण्याची पाळी हुकली. कुठून हुकली, कुणी हुकवली, याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून मी कुणावर आळ घेत नाही. डोळ्यांनी पाहिले ते एवढेच की मैदानाकडे टँकरमागून टँकर जात होते, मंडपाच्या आत धूळ बसावी म्हणून पाणी मारले जात होते, आणि आमच्या बॅरलच्या तळाशी गाळ दिसत होता. शेजारची अक्का घागर घेऊन टँकरवाल्याकडे गेली. तो म्हणाला, हे सभेचे आहे. तिने मुकाट्याने घागर परत आणली. तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

त्याच दिवशी दुपारी दोन पोलीस मुली माझ्या दारात आल्या. पहाटे पाचपासून उन्हात उभ्या होत्या. त्यांना पाणी हवे होते, आणि पाण्यापेक्षाही जास्त संडास हवा होता. त्यांच्यासाठी जवळपास कुठेही सोय नव्हती. फिरती स्वच्छतागृहे मंडपाच्या मागे होती आणि तिथे जायचे तर नेमलेली जागा सोडावी लागे. एकीची पाळी सुरू होती. तिने ते मला कानात सांगितले, आणि सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी दोघींना आत घेतले. मग त्यांनी आणखी चौघींना सांगितले. संध्याकाळपर्यंत अकरा मुली आमच्या घरी येऊन गेल्या. बॅरलमध्ये होते ते पाणी आम्ही त्यांना दिले. त्यातली एक साताऱ्याकडची होती. जाताना तिने मला वाकून नमस्कार केला. माझ्या मुलीच्या वयाची पोर. तिला एका संडासासाठी लोकांच्या दारात उभे राहायला लागले, याचा राग मला आजही आहे. आपल्या अधिवेशनालाही अशा शेकडो मुली तीन दिवस बंदोबस्ताला असतील. दर बॅरिकेडपासून दोन मिनिटांच्या अंतरावर त्यांच्यासाठी स्वच्छ, पाण्याची, आतून कडी लागणारी सोय करा. हे माझे मागणे मी पहिल्या क्रमांकाचे धरते.

१९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाला गांधीजी गेले तेव्हा तिथले संडास तुंबले होते, दुर्गंधी पसरली होती. स्वयंसेवकांना सांगितले तर ते म्हणाले, हे आमचे काम नाही. गांधीजींनी झाडू मागून घेतला आणि स्वतःपुरती जागा साफ केली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी अधिवेशनाच्या तयारीत ही बाब अजून सगळ्यात शेवटी येते.

सभा संपल्यावरचे मैदान आपल्यातल्या किती जणांनी पाहिले आहे? नेत्यांचा ताफा रात्री निघून जातो. मांडववाले दोन दिवसांत बांबू आणि लोखंड काढून नेतात, आणि खांबांचे खड्डे तसेच राहतात. मागच्या वेळी पाण्याच्या पाऊचांचा आणि द्रोणांचा खच वाऱ्याने सिद्धेश्वर तलावाकडे उडत गेला. खिळे मातीत राहिले. गल्लीतल्या एका पोराच्या टाचेत तिसऱ्या दिवशी क्रिकेट खेळताना खिळा घुसला, बुटाचा तळ फोडून. खड्ड्यात पाय मुरगळलेले तर मी मोजलेच नाहीत. पुढचा पाऊस पडेपर्यंत ते खड्डे तसेच होते.

आवाजाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याचे नियम स्पष्ट आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद ठेवायचे, रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. एप्रिलमध्ये मुलांच्या वार्षिक परीक्षा असतात. आपण पाळा एवढेच.

उन्हाबद्दल मात्र कळकळीने लिहावेसे वाटते, आणि ते आपल्याच माणसांसाठी. सोलापूरचा एप्रिल बाहेरच्याला कळत नाही. पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी मैदानाची माती पायाला चटके देते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात ऊन लागून १४ माणसे गेली. ती माणसे श्रद्धेने आली होती, सांगितले तिथे बसून राहिली. आपल्याकडेही गावोगावचा म्हातारा कार्यकर्ता पांढरी टोपी घालून येईल आणि नेता येईपर्यंत जागचा उठणार नाही. त्याच्या डोक्यावर सावली द्या आणि दुपारी बारा ते चार कुणालाही उघड्यावर बसवू नका. तो पडला तर त्याला उचलायला आधी आमचीच पोरे धावणार आहेत.

पत्रकात म्हटले आहे की अधिवेशनामुळे सोलापूरच्या व्यापाराला चालना मिळेल. मिळावी, असे मलाही मनापासून वाटते. पण मागच्या वेळी जेवणाचे कंत्राट बाहेरच्या माणसाला गेले, मंडप बाहेरचा, भोंगे बाहेरचे. नव्या पेठेतली दुकाने वाहतूक बंद म्हणून दिवसभर रिकामी होती. हे आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेत दर चार वर्षांनी दोन्ही मोठ्या पक्षांची अधिवेशने होतात. २०२४ मध्ये एक मिलवॉकीला झाले, दुसरे शिकागोला. बंदोबस्तासाठी तिथल्या केंद्र सरकारने दोन्ही शहरांना प्रत्येकी साडेसात कोटी डॉलर दिले, आणि ही रक्कम जाहीर होती. तरी मिलवॉकीतले कित्येक हॉटेलवाले म्हणत होते की नेहमीचे गिऱ्हाईक बॅरिकेडमुळे आले नाही आणि पाहुणे आतल्या आत जेवून गेले. गर्दी आली म्हणजे धंदा आला, असे होत नाही. धंदा कुणाच्या हाती जाणार, हे आधी ठरवावे लागते.

तेव्हा ते ठरवा. हे कापड विणणारे गाव आहे. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि पूर्व भागातले यंत्रमाग मागणीअभावी कधी एक पाळी चालतात, कधी तीही नाही. अशा गावात आपण प्रत्येक खांबावर प्लास्टिकचे फ्लेक्स टांगणार असाल तर मला खरोखर वाईट वाटेल. अधिवेशनानंतर ते फ्लेक्स गटारीत अडकतात, पहिल्या पावसात पाणी रस्त्यावर येते. आपल्या कमानी आणि फलक इथल्या मागावरच्या कापडाचे करा. प्रतिनिधींना द्यायच्या पिशव्या इथे शिवून घ्या. विडी वळणे कमी झाल्यामुळे शिवणाकडे वळलेल्या कितीतरी बायका या गावात आहेत. सत्काराला शालीऐवजी चादर द्या. आणि जेवणात एक वेळ कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही ठेवा. हे मी माझ्या धंद्यासाठी मागते असे कुणी म्हणेल. हो, माझ्याही धंद्यासाठी मागते, पण एवढ्या भाकरी मी एकटी करू शकणार नाही. शहरात अशा शेकडो जणी आहेत. महिनाभर आधी सांगितले तर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणून, दळून, थापून आम्ही सगळ्या मिळून देऊ. आमची भाकरी टिकते, उन्हात नासत नाही, आणि तिच्याबरोबर थर्माकोलचे ताट लागत नाही.

आता ज्याच्यासाठी खरे तर पत्र लिहायला बसले ते.

माझे माहेर बेळगावचे, टिळकवाडीतले. १९२४ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते त्या अधिवेशनात. तिथले काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे यांनी सगळी व्यवस्था पाहिली. माळावर तंबूंचे गाव उभे करायचे तर हजारो माणसांना पाणी कुठून द्यायचे, हा प्रश्न होता. त्यासाठी विहीर खोदली. अधिवेशन दोन दिवसांत संपले, तंबू निघाले, माणसे आपापल्या गावी गेली. विहीर राहिली. आम्ही तिला काँग्रेस विहीरच म्हणायचो, बाजूचा रस्ता काँग्रेस रोड. माझी आजी सांगायची, उन्हाळ्यात घरचा आड आटला की ती तिथे जायची. त्या अधिवेशनात कोणते ठराव झाले, हे आजीला सांगता आले नसते. पाण्याची चव सांगता यायची. त्या अधिवेशनाला शंभर वर्षे होऊन गेली आणि विहीर अजून आहे.

आणि इथे तर आपला मंडप अशा तलावाशेजारी पडणार आहे, जो सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात माणसे जमवून, हाताने माती काढून खोदला असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. माणसे जमवणे आपल्यालाही येते. ती या गावी जमणार आहेतच.

आमच्या मागच्या गल्लीत एक जुना आड आहे. दगडी बांधणीचा, गोल, काठावर दोराने घासून पडलेल्या खाचा. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा अर्धी पेठ त्याचे पाणी भरत होती. मग नळ आले, आडाकडे दुर्लक्ष झाले. गणपती विसर्जन, निर्माल्य, फुटक्या फरशा, सगळे त्यात गेले. आता वर लोखंडी जाळी आहे आणि खाली गाळ. पण पावसाळ्यात दगडांतून पाझर येताना आम्ही पाहतो. झरा जिवंत आहे. पूर्वी आड उपसणारे ज्या घरचे होते, त्यातले एक वयस्कर गृहस्थ अजून आहेत. त्यांनी सांगितले, गाळ काढला, तळाचे दगड नीट बसवले, तर वापरायचे पाणी बारमाही राहील.

आपल्या तीन दिवसांच्या खर्चात हा आड उपसून द्या. महापालिकेची परवानगी काढून, पाणी तपासून, वर झाकण आणि हापसा बसवून द्या. अधिवेशनाच्या आधी करून दिलात तर आपल्या बंदोबस्ताच्या मुलींच्या स्वच्छतागृहालाही त्याचेच पाणी पुरेल, आमच्या नळाच्या पाळीला हात लावावा लागणार नाही. काठावर आपल्या पक्षाचे नाव कोरा, आमची हरकत नाही. बेळगावची विहीरही नाव घेऊनच उभी आहे.

आणि एक छोटी गोष्ट. पत्रके वाटायला आलेल्या त्या दोन पोरांना पुन्हा पाठवा, या वेळी वही घेऊन. कुणाचे डायलिसिस, कुणाचे दिवस भरलेले, कुणाची परीक्षा, कुणाचा माल कोणत्या गाडीने जायचा, हे घरोघर सांगायला आम्ही तयार आहोत. रहिवाशांचे पास त्या वहीवरून द्या, आणि ज्याला अडचण येईल त्याला फोन करता येईल असा एक माणूस नेमा, जो फोन उचलेल.

आड पाहायला कधीही या. गल्लीत कुणालाही भाकरीवाल्या मावशीचे घर विचारा. मात्र सकाळी सहाच्या आत आलात तर बरे, एकदा तवा तापला की मला उठता येत नाही.

आपली,
सिद्धेश्वर पेठेतली एक रहिवासी,
सोलापूर